हॅर्टा मुंबईला का उतरली नाही?

विश्राम बेडेकरांच्या ‘रणांगण’वर चर्चा निघाली की एक प्रश्न हटकून येतो : चक्रधर विध्वंसने हॅर्टाला सोडले, हे बरोबर झाले का? उमाने झिडकारलेला, म्हणून समस्त स्त्रीजातीवर दात धरून बसलेला हा तरुण युरोपातून बोटीने परततो. त्याच बोटीवर जर्मनीतून परागंदा झालेली एक ज्यू तरुणी त्याच्या प्रेमात पडते. मुंबई येते. तो उतरतो, ती पुढे जाते. मग तिची पत्रे, आणि अखेर तिने समुद्रात जीव दिल्याची बातमी. वाचकांच्या पिढ्या चक्रधरवर रागावत आल्या आहेत. माझाही राग काही कमी नाही. पण कादंबरीशेजारी त्या काळचे कायदे ठेवून पाहिले तर प्रश्नाचे तोंडच फिरते. चक्रधरने हॅर्टाला उतरवून घ्यायचे ठरवले असते, तर ती उतरू शकली असती का?

‘रणांगण’ १९३९ साली प्रसिद्ध झाली, म्हणजे ती आपल्या काळाच्या अगदी पाठोपाठ धावत होती. न्यूरेंबर्गचे वंशभेदाचे कायदे १९३५चे. जुलै १९३८मध्ये फ्रान्समधील एव्हियाँ येथे बत्तीस देशांचे प्रतिनिधी निर्वासितांचा विचार करायला जमले. सहानुभूतीची भाषणे भरपूर झाली, दारे मात्र जवळजवळ कुणीच उघडली नाहीत. ऑक्टोबरपासून ज्यूंच्या पासपोर्टवर लाल ‘जे’ अक्षर उमटू लागले आणि नोव्हेंबरात त्यांची प्रार्थनामंदिरे जळाली. पळायचे तर कुठे? व्हिसा न मागणारे एक शहर उरले होते, शांघाय. इटलीच्या बंदरांतून निघून सुएझमार्गे पूर्वेकडे जाणाऱ्या बोटी या माणसांनी भरून जाऊ लागल्या. सतरा ते वीस हजार ज्यू शांघायला पोचले असा अंदाज आहे. त्या वाटेवर मुंबई हे एक बंदर होते. बोट तिथे थांबायची, सामान चढायचे-उतरायचे, कठड्याशी उभी असलेली माणसे किनारा बघायची.

मुंबईत कुणालाच थारा नव्हता असे नाही. १९३४मध्येच तिथे ज्यू निर्वासितांना मदत करणारी संस्था उभी राहिली होती. मात्र नोकरीची किंवा पोटापाण्याची हमी दिल्याशिवाय सरकार आत घेईना. डॉक्टर, तंत्रज्ञ, संगीतकार अशांना जागा मिळाली. प्राग सोडून आलेला वॉल्टर कॉफमन हा त्यांतलाच. आकाशवाणीची सकाळची ती ओळखधून त्याने बांधली, असे मानले जाते. आमच्या वऱ्हाडात ज्या घरांनी ज्यू माणूस कधी पाहिला नाही, त्या घरांचा दिवस वर्षानुवर्षे त्या धुनेवर उजाडला! हॅर्टाजवळ असली हमी नव्हती. तिच्याजवळ फक्त चक्रधर होता.

मग लग्न? इथे गोष्ट खरी गुंतागुंतीची होते. १९१४च्या ब्रिटिश नागरिकत्वाच्या कायद्याप्रमाणे ब्रिटिश प्रजाजनाची पत्नी ब्रिटिश प्रजाजन ठरे, आणि ब्रिटिश हिंदुस्थानात जन्मलेला माणूस प्रजाजनच होता. म्हणजे राजाच्या देशातला कुणी साहेब जे देऊ शकला असता, ते कागदोपत्री चक्रधरही देऊ शकत होता. आपण गुलाम देशाचे, आपल्या हातात काय होते, ही सबब इथे चालत नाही.

पण हे लग्न लागणार कोणत्या कायद्याने? उपलब्ध होता तो १८७२चा विशेष विवाह कायदा. १९२३च्या दुरुस्तीने हिंदू, बौद्ध, शीख, जैन यांना आपसात लग्न करताना धर्म नाकारण्याची गरज राहिली नाही. पण हिंदू आणि ज्यू यांना ती सवलत नव्हती. दोघांनाही आपण अमुक-अमुक धर्म मानत नाही, असे लिहून द्यावे लागे, आणि त्या यादीत ज्यू धर्माचे नाव होते. जिला ज्यू म्हणून देशाबाहेर पळावे लागले, तिने आसऱ्यासाठी ‘मी ज्यू नाही’ असे सही करून द्यायचे! शिवाय मुदती होत्या. दोघांपैकी एकाचे त्या जिल्ह्यात चौदा दिवसांचे वास्तव्य हवे, मग नोटीस, मग आणखी चौदा दिवस. नुकत्याच बोटीतून उतरलेल्या माणसाला एकूण अठ्ठावीस दिवस. बोट काही महिनाभर धक्क्याला लागून राहत नाही.

मालेगावहून जवळच वाशीम आहे, जुने वत्सगुल्म. (हे आमचे मालेगाव, नाशिककडचे नव्हे, हे दर वेळी सांगावे लागते.) राजशेखराच्या ‘काव्यमीमांसे’त काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचे लग्न याच नगरात लागते, तेही गांधर्व पद्धतीने. साक्षीदार नको, नोटीस नको, वास्तव्याचा दाखला नको. हजार वर्षांपूर्वीच्या कवीला सुचलेली ती सोय १९३९च्या मुंबईत कुठल्याही कचेरीत नव्हती.

बेडेकरांना हे सारे ठाऊक होते का? कलमे कादंबरीत नाहीत, असायचे कारणही नाही. त्यांचा जन्म अमरावतीचा, १९०६चा. तेही विलायतेहून बोटीने परतलेले. १९३८मध्ये त्यांनी बाळूताई खरे यांच्याशी लग्न केले. ‘विभावरी शिरूरकर’ या नावाआड राहून ‘कळ्यांचे निःश्वास’ आणि ‘हिंदोळ्यावर’ लिहिणाऱ्या त्या बाई याच. घरातली एक लेखिका टोपणनावात आणि दुसरा लेखक चक्रधरच्या ‘मी’त दडलेला! पुढे ‘एक झाड आणि दोन पक्षी’ हे आत्मचरित्र लिहिताना मात्र बेडेकरांनी स्वतःला ‘तो’ म्हटले. कादंबरीत प्रथमपुरुष, आत्मचरित्रात तृतीयपुरुष. १९८५चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याच पुस्तकाला आहे. चक्रधर म्हणजे बेडेकरच, असे छातीठोकपणे सांगणाऱ्यांनी या उलटापालटीकडे जरा थांबून पाहावे.

एवढे मांडले म्हणून चक्रधर सुटतो, असे मला म्हणायचे नाही. त्याचा नकार आधी मनात झाला. रजिस्ट्रारच्या दारापर्यंत गोष्ट गेलीच नाही. गेली असती तर तिथे अठ्ठावीस दिवस आणि ते प्रतिज्ञापत्र टेबलावर वाट पाहत होते. हॅर्टाला मात्र यातले काहीच माहीत नव्हते. ती एकाच माणसाच्या उत्तराची वाट पाहत होती.