मुरमाची कुळकथा

भाईंदर पश्चिमेला स्टेशनबाहेर चौककडे जाणारी बस धरली की मुर्धा, राई, मोर्वा ही गावं एकापाठोपाठ येतात. आजूबाजूला मिठागरं, तिवरं, भरतीचं पाणी. या पट्ट्यात बस मचव्यासारखी डोलते. रस्ता दुरुस्त होतो, पुन्हा बसतो, पुन्हा दुरुस्त होतो. त्याच्या पोटात खाजणाचा गाळ आहे, आणि गाळावर ओझं आलं की तो वर्षानुवर्षं पाणी सोडत दबत राहतो. डोंगरीपाशी चढ लागतो आणि डोलणं थांबतं. खाली खडक आलेला असतो.

चौक म्हणजे या भूभागाचं टोक. कोळ्यांची वस्ती, वाळत घातलेली मासळी, वर धारावी किल्ल्याचे अवशेष आणि चिमाजी अप्पांचा पुतळा. समोर खाडीपलीकडे वसई. १७३९ साली मराठ्यांनी आधी हे टोक घेतलं आणि मे महिन्यात वसई. पर्यटक पुतळ्यासोबत फोटो काढून परत फिरतात. मी मात्र दर वेळी वाटेत टेकडी जिथे कापली आहे तिथे थांबतो. त्या कापात तांबूस-पिवळट, भुसभुशीत थर दिसतो. नखाने खरवडला तर भुगा पडतो. मधेमधे गोल गोटे अडकलेले असतात आणि त्यांचे पापुद्रे कांद्यासारखे सुटतात. गाभ्यातला दगड अजून काळा आणि टणक, बाहेरचा पापुद्रा बोटाने चुरडणारा. दगडाची माती होता होता अर्ध्या वाटेत थांबलेली ही चीज म्हणजे मुरूम.

शब्द आपला आहे. युल आणि बर्नेल यांच्या १८८६ सालच्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या अँग्लो-इंडियन शब्दकोशात तो ‘मूरम’ म्हणून नोंदला आहे. पश्चिम हिंदुस्थानात रस्त्यांसाठी वापरायचा, मूळ बहुधा मराठी, असं सांगून त्यांनी मोल्सवर्थच्या मराठी कोशाचा हवाला दिला आहे. आजही भारतातल्या रस्त्यांच्या इंग्रजी निविदांमध्ये ‘मूरम’ असतोच. मराठीने इंग्रजीला दिलेल्या शब्दांची यादी फार लांब नाही. तिच्यात एक शब्द खडी-मातीचा असावा, हे मला तरी आपल्या स्वभावाला धरून वाटतं.

विहीर खणणाऱ्याला मुरमाची कुळी पाठ असते. वर काळी माती, मग मुरूम, मग मांजऱ्या खडक, मग काळा पाषाण. मुरमापर्यंत टिकाव चालतो, पाषाणाला सुरुंग लागतो. म्हणजे मुरूम हा बसाल्टचा मुलगा आणि काळ्या मातीचा बाप. बाजारात तो ब्रासवर विकला जातो. १०० घनफूट म्हणजे एक ब्रास. सरकारदरबारी तो ‘गौण खनिज’, त्याला रॉयल्टी, त्याला परवाना. आणि रात्री विनापरवाना उपसलेल्या मुरमाच्या बातम्या जिल्हा पानावर आठवड्याआड असतातच. गौण म्हणायचं आणि चोरायला डंपर लावायचे!

एवढं त्याच्यात आहे काय, हे कळायला मुलाकडे, म्हणजे काळ्या मातीकडे जावं लागतं.

मराठीत गावाचे दोन भाग: काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची जागा. जुन्या कागदांत हे शब्द पदोपदी भेटतात, आणि आपल्याकडचे पुरातत्त्वज्ञ उत्खननाची जागा शोधताना आधी गावकऱ्यांना विचारतात, की इथे पांढरीचं टेकाड कुठे आहे. काळीत घर बांधू नये हे शहाणपण शाळेत शिकवलेलं नाही. ते तडकलेल्या भिंतींनी शिकवलं. उन्हाळ्यात काळं रान असं भेगाळतं की गुराचा पाय अडकावा. पहिल्या पावसात त्या भेगा बुजतात, आणि माती तेवढ्यावर थांबत नाही. ती फुगते, वर उठते. वर घर असेल तर घर उचलते, रस्ता असेल तर रस्ता. पुन्हा उन्हाळ्यात खाली येते, पण सगळीकडे सारखी येत नाही. दारं चौकटीत अडकतात, डांबर कडेने लांबट फाटतं. रेल्वेवर अशा पट्ट्यात पावसाळ्यात कॉशन, म्हणजे वेगाचं बंधन, लागतो आणि गाडी रांगत जाते.

हे करणाऱ्या खनिजाचं नाव माँटमोरिलोनाइट. फ्रान्समधल्या माँटमोरिलाँ गावावरून १८४७ साली ठेवलेलं. त्याचे पापुद्रे इतके पातळ, की एका ग्रॅमच्या सगळ्या पापुद्र्यांच्या बाजू उलगडून मांडल्या तर जवळजवळ ८०० चौरस मीटर भरतात. आपल्या भाषेत आठ गुंठे. एका चिमटीत आठ गुंठे! त्या प्रत्येक पापुद्र्याला पाणी चिकटतं आणि शेजारच्या पापुद्र्याला दूर ढकलतं.

आता जरा थंड मुलखात जाऊ. जमीन तिथेही वर उठते, पण हिवाळ्यात. मराठीत या प्रकाराला रुळलेला शब्द नाही, कारण गरज पडली नाही. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दव गोठलं की वर्तमानपत्रात फोटो येतो, एवढीच आपली थंडी. पण स्वीडन, कॅनडा, उत्तर चीन, किंवा आपल्याच लडाखमध्ये जमीन काही हात खोल गोठते आणि रस्ते-रुळांना कुबड येतं. बरीच वर्षं लोक समजत होते की पाण्याचा बर्फ होताना ते ९ टक्के वाढतं, त्याचाच हा परिणाम. अमेरिकेतल्या साउथ कॅरोलायनातले भूवैज्ञानिक स्टीफन टेबर यांनी १९२९-३० मध्ये हा समज मोडला. त्यांनी माती पाण्याऐवजी बेंझिनने भिजवून गोठवली. बेंझिन गोठताना वाढत नाही, उलट आकसतं. तरीही माती उठली. म्हणजे गुन्हेगार ९ टक्के नव्हेत. गोठणारा थर खालचं न गोठलेलं पाणी वर ओढून घेतो आणि बर्फाचे थर एकावर एक रचत जातो. भाकरीचा पापुद्रा फुगावा तसा रस्ता फुगतो. वसंतात तो बर्फ वरून वितळतो, खाली अजून गोठलेलं असतं, पाण्याला जायला वाट नाही. मग रस्त्याचा लगदा होतो. कॅनडात आणि अमेरिकेच्या उत्तर भागात त्या आठवड्यांत ट्रकच्या वजनावर बंधन येतं. चीनमध्ये डिसेंबर २०१२ मध्ये हार्बिन ते दालियन अशी वेगवान रेल्वे सुरू झाली, तेव्हा ताशी ३०० किलोमीटरची गाडी हिवाळ्यात २०० नेच चालवायची असं ठरलं होतं.

कोणती माती उठेल, हे ओळखायचा नियम मृदा-अभियंते आर्थर कासाग्रांदे यांनी १९३१ च्या सुमारास दिला. ०.०२ मिलिमीटरपेक्षा बारीक कण वजनाने ३ टक्क्यांहून जास्त असले, की लहान-मोठे कण मिसळलेली माती धोक्याची. वाळू पाणी वर ओढू शकत नाही, शुद्ध चिकणमाती ओढते पण तिच्यातून पाणी भराभर येत नाही. मधली, पिठासारखी गाळमाती दोन्ही करते, म्हणून तीच सगळ्यात वाईट.

कासाग्रांदेंचं नाव महाराष्ट्रातल्या सिव्हिलच्या हजारो पोरांनी ऐकलं आहे, पण गोठलेल्या रस्त्यासाठी नव्हे. पॉलिटेक्निकच्या प्रयोगशाळेत एक पितळी वाटी असते. तिच्यात ओली माती थापायची, मधोमध खाच काढायची आणि दांडा फिरवायचा. वाटी एक सेंटिमीटर उचलली जाऊन खाली आपटते. टक, टक, टक. पंचविसाव्या टोल्याला खाच मिटली, तर त्या वेळचं पाणी म्हणजे मातीची द्रवसीमा. काळी माती असेल तर आकडा ५० टक्क्यांच्या पुढे जातो, कधी दुप्पट. वाटी कासाग्रांदेंची. एकाच माणसाने उत्तरेची गोठणारी माती आणि आपली फुगणारी माती, दोन्ही मोजायची सोय करून ठेवली.

आता चौकपासून अंदाजे पंचवीस किलोमीटरवरच्या पवईला या. आयआयटी मुंबईत प्राध्यापक आर. के. कट्टी काळ्या मातीच्या मागे लागले होते. तोवरचा रिवाज असा, की काळी खोदून काढा आणि जागी वाळू भरा. वाळू फुगत नाही, म्हणून. पण वाळूत पाणी साठतं आणि खालच्या काळीला ते हळूहळू पाजलं जातं. वाळूची गादी म्हणजे माठच. कट्टींच्या नजरेला वेगळीच गोष्ट आली. काळ्या रानात मीटरभर खाली गेलं, की भिजूनही माती जवळपास हलत नाही. वरच्या मातीच्या वजनाने ती दबली म्हणावं, तर मीटरभर मातीचं वजन दर चौरस मीटरला दोन टनांच्या आसपास, आणि काळीचा फुगण्याचा दाब त्याच्या कितीतरी पट. मग धरून काय ठेवतं? त्यांचं उत्तर: वजन नव्हे, चिकटपणा. वरचा थर भिजल्यावर त्याच्या कणांत जी पकड तयार होते, ती खालच्याला धरून बसते. तर मग वरचा मीटर असा टाका, ज्याला पकड आहे पण फुगण्याची खोड नाही. थोडी चिकणमाती, थोडा गाळ, थोडी वाळू, थोडे खडे. द्रवसीमा ३० ते ५०.

म्हणजे मुरूम. चांगला, मुरलेला, गावातला मुरूम.

१९७० च्या दशकात हे तंत्र ‘सीएनएस’ (कोहेसिव्ह नॉन-स्वेलिंग, म्हणजे चिकट पण न फुगणारी माती) या नावाने कर्नाटकातल्या मलप्रभा प्रकल्पाच्या कालव्यांवर वापरलं गेलं, आणि पुढे फुगणाऱ्या मातीतल्या कालव्यांसाठीच्या भारतीय मानक ९४५१ मध्ये शिरलं. रस्त्यांच्या संकेतांतही काळीवर असा थर द्यायला सांगितलेलं आहे. सगळ्यांना ते पटलं असं नाही. वारंवार भिजणं-सुकणं झालं की ही पकड सैल पडते, असं पुढच्या काही संशोधकांना दिसलं, आणि त्यात तथ्य आहे. तरी मला कट्टींचं कौतुक याचं, की त्यांनी औषध बाहेरून मागवलं नाही. आजाऱ्याच्या बापालाच बोलावलं.

पण हाच मुरूम उचलून लडाखला नेला तर? तिथे तो घात करील. कट्टींच्या थरात एक तृतीयांशाच्या वर गाळमाती चालते. कासाग्रांदेंना ३ टक्के बारीक कणांचीही धास्ती. आपल्याकडे रस्त्याला धरून ठेवणारे तेच बारीक कण तिथे पाणी वर ओढून बर्फाचे थर रचतील. तिथे रस्त्याखाली धुतलेली, मोकळी, पाणी न ओढणारी खडी-वाळू लागते. म्हणजे काळीवर जी फसली, तीच. विदर्भातला गुण लडाखात दुर्गुण ठरतो. म्हणून ‘चांगला मुरूम’ असं नुसतं म्हणण्याला अर्थ नाही. कुठल्या जमिनीवर, हे आधी सांगायचं.

मोर्व्याच्या गाळावर तर तिसरीच तऱ्हा. तिथली जमीन उठत नाही, बुडते, आणि तिच्यावर आणखी मुरूम ओतला की आणखी ओझं होऊन आणखी बुडते. तिथे आधी गाळातलं पाणी काढायला हवं. ते सोडून दर पावसाळ्याआधी भरावाचे डंपर रिकामे होतात. हा मुरमाचा दोष नाही.

तुमच्या गल्लीत पुढचा डंपर रिकामा होईल तेव्हा मूठभर माल उचला, ओला करून लाडू वळा आणि खिडकीत दोन दिवस ठेवा. लाडू तसाच राहिला तर मुरूम आहे. भेगाळला तर पैसे मुरमाचे गेलेत आणि आलेली आहे काळी. बिल निघायच्या आत तो लाडू घेऊन वॉर्ड ऑफिसात जा.