सुवर्ण युआन : सोन्याच्या बदल्यात कागद

डिसेंबर १९४८. शांघायमधील एका बँकेबाहेर सोने विकत घेण्यासाठी जिवाच्या आकांताने रेटारेटी करणाऱ्या गर्दीचे छायाचित्र आँरी कार्तिए-ब्रेसाँने टिपले. त्या चेंगराचेंगरीत माणसे दगावली. चारच महिन्यांपूर्वी याच शहराने आपले सोने सरकारच्या स्वाधीन केले होते.

च्यांग कै-शेकचे राष्ट्रवादी सरकार तेव्हा कम्युनिस्टांशी यादवी युद्ध लढत होते. सैन्याचा खर्च अफाट, करवसुली तुटपुंजी. तूट भरून काढत होता छापखाना. नवी नोट प्रथम सरकारच्या हाती पडे व चालू भावाने धान्य, गणवेश, दारूगोळा घेई. तीच नोट शिक्षकाच्या किंवा कारकुनाच्या पगारात पोहोचेपर्यंत भाव चढलेले असत. कायद्याविना वसूल होणारा हा करच होता.

१९ ऑगस्ट १९४८ रोजी ‘सुवर्ण युआन’ आला. जुने ३० लाख फाबी म्हणजे एक नवा युआन. खासगी सोने, चांदी व परकीय चलन जमा करणे सक्तीचे ठरले. नोटांवर २०० कोटींची मर्यादा घातली गेली. च्यांगचा पुत्र च्यांग चिंग-कुओ याने शांघायमध्ये भाव गोठवले, साठेबाजांना अटक केली. पण युद्धाचा खर्च तसाच होता आणि छपाईही. गोठलेल्या भावात कोण विकणार? दुकाने ओस पडली. ऑक्टोबरअखेर भावनियंत्रण कोसळले, नोव्हेंबरात मर्यादाही उठली.

सर्वाधिक नागवला तो आज्ञाधारक मध्यमवर्ग, म्हणजे सरकारचा हक्काचा आधार. डिसेंबरपासून तिजोरीतले सोने गुपचूप जहाजांनी तैवानला जाऊ लागले.