सिडकोतला बर्फ आणि झुरिचची नदी

आजचा एपिसोड आमच्या गच्चीवरून सुरू होतो. डिसेंबर महिना, पहाटेचे पाच, हातात मोबाइलचा टॉर्च. समोर आमचा हीट पंप आणि त्याच्या कॉइलवर चक्क पांढरा बर्फ. मराठवाड्यात, आपल्या छत्रपती संभाजीनगरात! आणि खाली बाथरूममधून बाबांचा आवाज, "अरे, पाणी कोमटच आहे!"

थोडं आधीचं सांगतो. हे यंत्र घ्यायचा हट्ट माझा होता. गिझर एक युनिट वीज खाऊन जेमतेम एक युनिट उष्णता देतो, हा तीन-साडेतीन देतो, असं मी एक्सेलमध्ये मांडून घरच्यांना पटवलं होतं. ऑक्टोबरपर्यंत सगळे खूश होते. डिसेंबरात पारा दहाच्या खाली गेला आणि माझी इज्जतही गेली. बाबांची आंघोळ पहाटे साडेपाचला, त्यानंतर पूजा, आणि यात गेल्या तीस वर्षांत बदल नाही. त्यांचे गुडघे दुखतात, त्यामुळे थंड पाणी चालत नाही. कंपनीचा माणूस येऊन गेला. म्हणाला, "सर, थंडीत असंच असतं." बाबा म्हणाले, "विकून टाक आणि गिझर आण." मी आठ दिवस मागून घेतले.

त्या आठ दिवसांत मी दोन गोष्टी केल्या. एक, सेन्सर लावून दर पाच मिनिटांचा लॉग घेतला. दोन, या यंत्राचा इतिहास वाचला. खरं सांगू? उत्तर इतिहासातून आलं.

१८२४ साली फ्रान्समध्ये सादी कार्नो नावाच्या तरुण इंजिनिअरने एक छोटं पुस्तक छापलं. विषय होता वाफेचं इंजिन. त्यातला मूळ मुद्दा असा, की उष्णता वरच्या तापमानाकडून खालच्याकडे उतरते तेव्हा तिच्याकडून काम करून घेता येतं, आणि किती काम मिळेल हे त्या दोन तापमानांवर ठरतं. पुस्तक फारसं कुणी वाचलं नाही. कार्नो १८३२ मध्ये कॉलऱ्याने गेला, वय अवघं ३६.

ते महत्त्वाचं आहे हे ज्यांनी ओळखलं, त्यातला एक विल्यम थॉमसन, म्हणजे पुढे लॉर्ड केल्विन. १८५२ मध्ये त्याने हिशोब उलटा मांडला. काम खर्च करून उष्णता खालून वर चढवली तर? इमारती गरम करायला कोळसा नुसता जाळण्यापेक्षा, त्याच कोळशावर इंजिन चालवून बाहेरच्या हवेतली उष्णता आत ओढणं कितीतरी स्वस्त पडेल, हे त्याने कागदावर दाखवलं. तेव्हा तो २८ वर्षांचा होता. (माझंच वय. मी या वयात पाण्याच्या टाकीचा लॉग काढतोय, असो.) गंमत म्हणजे त्या काळात तिकडे चर्चा उष्ण देशांतल्या खोल्या थंड कशा करायच्या याचीही चालू होती. म्हणजे गरम करणारं आणि थंड करणारं यंत्र पहिल्यापासून एकच.

पण कागदावरून घरात यायला फार वर्षं लागली. कोळसा स्वस्त असेल तर कोण कशाला डोकं लावेल? स्वित्झर्लंडकडे मात्र स्वतःचा म्हणावा असा कोळसा नव्हता आणि युरोपात युद्धाचं वारं होतं. धरणांची वीज मात्र होती. १९३८ मध्ये झुरिचच्या जुन्या नगरभवनात हीट पंप सुरू झाला. त्याने उष्णता हवेतून घेतली नाही, शेजारून वाहणाऱ्या लिमात नदीतून घेतली. १९४५ मध्ये इंग्लंडात नॉर्विचला जॉन समनर या इंजिनिअरने युद्धकाळात मिळतील ते सुटे भाग जोडून पंप उभा केला, तोही वेन्सम नदीवर. १९५१ मध्ये लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलने थेम्स वापरली.

दिसतंय का? नदी, नदी, नदी. भर हिवाळ्यात हवा शून्याखाली जाते, पण वाहती नदी तेवढी गार होत नाही. पुढे १९५० च्या दशकात अमेरिकेत हवेवर चालणारे पंप घरोघरी विकले गेले. ते थंडीत इतके बिघडले की नावच खराब झालं. १९७३ च्या तेलसंकटानंतर लोक परत त्यांच्याकडे वळले.

आता कार्नोचं गणित आपल्या गच्चीवर आणू. पाणी ५५ अंशांना हवंय. दुपारी हवा ३० अंश, म्हणजे उष्णता २५ अंश चढवायची. पहाटे हवा ८ अंश, म्हणजे ४७ अंश. चढ जवळपास दुप्पट. शिवाय हवेतून उष्णता ओढायची तर कॉइल हवेपेक्षाही गार लागते. हवा ८ वर असेल तर कॉइल शून्याखाली जाते, हवेतला ओलावा तिच्यावर गोठतो, बर्फामुळे हवा आत शिरत नाही, मग कॉइल अजून गार होते. तो बर्फ वितळवायला यंत्र टाकीतलीच उष्णता परत घेतं. सगळी कमाई गेली.

लॉग बघितला तर गोष्ट अजून वाईट होती. यंत्राच्या तोंडाशी हवा गच्चीवरच्या मोकळ्या हवेपेक्षा चार अंशांनी गार. कारण ते आम्ही टाकी आणि कठड्याच्या बेचक्यात बसवलं होतं. स्वतः फेकलेली गार हवा तेच परत ओढत होतं. वर कॉइलच्या पातळ पट्ट्यांत धूळ आणि कबुतरांची पिसं. आणि टायमर? पहाटे चारचा. तो मीच लावला होता, पाणी ताजं गरम मिळावं म्हणून. दिवसातली सगळ्यात थंड वेळ मी स्वतः निवडली होती!

त्या रविवारी पाणचक्कीला गेलो. लहानपणी सहलीत सगळेच जातो, पण तेव्हा लक्ष माशांकडे असतं. उत्तरेकडच्या डोंगरातलं पाणी जमिनीखालच्या नहरीतून येऊन उंचावरून हौदात पडतं. शहरात नहरी खोदायची सुरुवात मलिक अंबरची, १७ व्या शतकातली. पाणचक्की त्यानंतरची, बाबा शाह मुसाफिरांच्या दर्ग्याची. मोठ्या हौदाखाली एक दालन आहे, हौदाचा तळ हेच त्याचं छत. मे महिन्यातही आत गारवा. त्या लोकांनी उन्हाशी भांडण केलं नाही, ज्याचं तापमान फार हलत नाही असं पाणी डोक्यावर घेतलं.

आमच्या घराशेजारी नदी नाही, नहरही नाही. पण मराठवाड्याची दुपार आहे ना! डिसेंबरातही २८-२९ अंश. झुरिचवाल्यांनी गरम जागा शोधली, मला गरम वेळ शोधायची होती. यंत्र बेचक्यातून काढून मोकळ्या कोपऱ्यात ठेवलं. पट्ट्या मऊ ब्रशने साफ केल्या. टायमर दुपारी बारा ते चार केला. टाकीतून गच्चीवरून खाली जाणारी उघडी पाईप होती, तिला फोमचं आवरण घातलं, कारण आता पाणी तेरा-चौदा तास गरम राहायला हवं होतं.

आजीने हे सगळं पाहून विचारलं, "एवढ्यासाठी एवढं?" तिच्या काळी तांब्याचा बंब होता. दोन गोवऱ्या, चार लाकडं आणि नारळाच्या करवंट्या, की पाणी कढत. थंडी असो नसो, बंबाला फरक पडायचा नाही. तिचं बरोबर आहे. जाळून उष्णता करणाऱ्याला बाहेरच्या हवेशी घेणंदेणं नसतं. डोळ्यांत धूर मात्र तिच्याच जायचा, हे तिनेच पुढे सांगितलं.

दुसऱ्या दिवशी चार वाजता टाकी ५५ वर होती, पहाटे साडेपाचला ४९ वर. मी जिन्यात कान लावून उभा. आतून बाबांचा आवाज आला, "अरे, विसण दे जरा!"