युरोपीय चित्रपट पुरस्कार : सीमा ओलांडणाऱ्या पडद्याचा सन्मान

विशेष प्रतिनिधी

'ऑस्कर' म्हटले की डोळ्यांपुढे लगेच सोनेरी बाहुली उभी राहते, आणि 'कान' म्हटले की लाल गालिचा. 'युरोपियन फिल्म अवॉर्ड्स' या नावापाशी मात्र आपल्याकडील चांगला चित्रपटरसिकही क्षणभर थबकतो. वस्तुतः 'लाइफ इज ब्युटिफुल', 'अमेली', 'द लाइव्ह्‌ज ऑफ अदर्स', 'अमूर' आणि 'अॅनॉटॉमी ऑफ अ फॉल' हे आपल्याकडील महोत्सवांतून आणि फिल्म सोसायट्यांतून आवर्जून पाहिले गेलेले चित्रपट या पुरस्काराचे मानकरी आहेत. जवळजवळ चार दशकांचा हा सोहळा दिमाखात ऑस्करपेक्षा उणा असला, तरी त्याच्या इतिहासात युरोपच्या राजकीय इतिहासाची अनेक पाने गुंतलेली आहेत.

भिंतीच्या छायेतला जन्म

पहिला पुरस्कार सोहळा २६ नोव्हेंबर १९८८ रोजी पश्चिम बर्लिनमधील 'थिएटर देस वेस्टन्स' या नाट्यगृहात पार पडला. त्या वर्षी पश्चिम बर्लिनला 'युरोपची सांस्कृतिक राजधानी' हा मान मिळाला होता. शहराच्या मधोमध भिंत अजून उभी होती. ती वर्षभराच्या आत कोसळेल, असे त्या सायंकाळी कोणाच्याही मनात आले नसेल. अशा शहरात पूर्व आणि पश्चिम युरोपातील चित्रकर्मी एकत्र आले, हीच त्या सोहळ्याची मोठी बातमी होती.

सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा पहिला मान पूर्वेकडे गेला. पोलंडच्या क्रिस्तॉफ किस्लोव्स्की यांच्या 'अ शॉर्ट फिल्म अबाउट किलिंग' या चित्रपटात एक तरुण एका टॅक्सीचालकाचा निर्घृण खून करतो आणि मग कायदा त्याला तितक्याच थंडपणे फासावर चढवतो. दोन्ही मृत्यू प्रेक्षकांना सारख्याच अंतरावरून दाखविले जातात. पोलंडमध्ये तेव्हा फाशीच्या शिक्षेवरून वाद सुरू होता. देशातील शेवटची फाशी त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये दिली गेली होती. सर्वोत्कृष्ट दिग्दर्शकाचा पुरस्कार विम वेंडर्स यांना, दुभंगलेल्या बर्लिनच्या आकाशात वावरणाऱ्या देवदूतांची गोष्ट सांगणाऱ्या 'विंग्ज ऑफ डिझायर'साठी मिळाला. इंगमार बर्गमन आणि मार्चेल्लो मास्त्रोयानी यांना जीवनगौरव देण्यात आला.

याच सुमारास चाळीस चित्रकर्मींनी एकत्र येऊन युरोपीय चित्रपटाच्या हितासाठी एक संस्था उभारली. बर्गमन तिचे पहिले अध्यक्ष झाले. १९९१ मध्ये तिने 'युरोपियन फिल्म अॅकॅडमी' हे नाव धारण केले. बर्गमन यांच्यानंतर १९९६ मध्ये अध्यक्षपदी आलेले वेंडर्स २०२० पर्यंत त्या पदावर राहिले. त्यांच्यामागून पोलंडच्या दिग्दर्शिका आग्निएश्का हॉलंड आणि २०२४ मध्ये फ्रेंच अभिनेत्री ज्युलिएट बिनोश यांनी ही धुरा सांभाळली. वेंडर्स यांना २०२४ च्या ल्युसर्न येथील सोहळ्यात जीवनगौरव देऊन अकादमीने एका अर्थाने आपलेच वर्तुळ पूर्ण केले.

'फेलिक्स' ते आजचे रूप

आरंभीची काही वर्षे हा पुरस्कार 'फेलिक्स' या नावाने ओळखला जात असे. त्याची बाहुली जर्मन चित्रकार-शिल्पकार मार्कुस ल्युपेर्त्झ यांनी घडविली होती. १९९७ पासून 'फेलिक्स' हे नाव मागे पडले आणि 'युरोपियन फिल्म अवॉर्ड्स' हे नाव रूढ झाले. स्थळाबाबतही तेव्हापासून एक प्रघात पडला. एक वर्ष बर्लिन, तर पुढचे वर्ष युरोपातील दुसरे एखादे शहर. लंडन, पॅरिस, रोम, बार्सिलोना, वॉर्सा, कोपनहेगन, टॅलिन, रिगा, सेव्हिल, रेक्याविक अशा शहरांनी यजमानपद भूषविले. २०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे सोहळा बर्लिनमधून दूरस्थ पद्धतीने करावा लागला. पूर्वी डिसेंबरात होणारा हा सोहळा २०२४ नंतर जानेवारीत नेण्यात आला, आणि ३८ वा सोहळा १७ जानेवारी २०२६ रोजी बर्लिनमध्ये ठरला. ऑस्करच्या मतदानाआधी युरोपीय चित्रपटांकडे जगाचे लक्ष वेधावे, हा त्यामागील उघड हिशेब आहे.

निवड होते कशी?

सुरुवातीच्या काळात परीक्षक मंडळे विजेते ठरवीत. पुढे हा अधिकार अकादमीच्या सदस्यांकडे आला. दिग्दर्शक, निर्माते, कलावंत, लेखक, तंत्रज्ञ, वितरक असे पाच हजारांहून अधिक सदस्य आज या अकादमीत आहेत. प्रथम वर्षभरातील चित्रपटांतून एक निवडक यादी तयार होते. सदस्य ते चित्रपट पाहतात, त्यांतून नामांकने ठरतात आणि अखेरीस मतदानाने विजेते निश्चित होतात. छायाचित्रण, संकलन, संगीत, वेशभूषा, ध्वनी अशा तांत्रिक कौशल्यांचा निवाडा मात्र तज्ज्ञांचे स्वतंत्र मंडळ करीत आले आहे.

माहितीपट, अॅनिमेशनपट, लघुपट आणि पदार्पणातील चित्रपट यांचे विभाग वेगळे आहेत. २०२४ पासून नामांकित माहितीपट आणि अॅनिमेशनपट यांनाही सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या मुख्य स्पर्धेत स्थान मिळाले. चित्रपट म्हणजे केवळ कथापट नव्हे, ही त्यामागील भूमिका. त्याच वर्षी अॅनिमेशनचा पुरस्कार लाटव्हियासारख्या छोट्या देशातील गिन्ट्स झिल्बालोडिस यांच्या 'फ्लो'ला मिळाला. पुरात वाहून गेलेल्या जगात तग धरणाऱ्या एका मांजराची ही संवादविरहित कथा 'ब्लेंडर' या मोफत उपलब्ध असलेल्या संगणकप्रणालीवर साकारली गेली होती. पुढे २०२५ मध्ये तिने ऑस्करही पटकावले.

एक लोभस उपक्रम मुलांचा आहे. २०१२ पासून 'यंग ऑडियन्स अॅवॉर्ड' दिला जातो. ठरलेल्या दिवशी युरोपातील अनेक शहरांत १२ ते १४ वर्षे वयाची मुले तीन नामांकित चित्रपट पाहतात, त्यांवर चर्चा करतात आणि स्वतःच मतदान करतात. परभाषेतील चित्रपट पाहण्याची गोडी याच वयात लागावी, हा त्यामागील हेतू.

'युरोपीय' म्हणजे नेमके काय?

या पुरस्कारांचा सर्वांत गुंतागुंतीचा प्रश्न हाच आहे. येथे युरोप म्हणजे युरोपीय संघ नव्हे; अकादमीच्या कक्षेत तुर्कस्तान, इस्रायल आणि पॅलेस्टाइनही येतात. २०२४ चा सर्वोत्कृष्ट चित्रपट 'एमिलिया पेरेझ' याचे दिग्दर्शक जाक ओदियार फ्रेंच, भाषा स्पॅनिश, कथानक मेक्सिकोतले आणि चित्रीकरण बहुतांशी पॅरिसजवळच्या स्टुडिओतले. २०१० चा विजेता 'द घोस्ट रायटर' अमेरिकेच्या किनाऱ्यावर घडतो. पण त्याचे चित्रीकरण जर्मनीच्या सागरी बेटांवर झाले. २०१९ चा 'द फेव्हरिट' इंग्लंडच्या राजदरबाराची कथा सांगतो आणि त्याचे दिग्दर्शक योर्गोस लँथिमोस ग्रीक आहेत. भाषा, कथानक, दिग्दर्शक यांपैकी कोणताही एक निकष येथे पुरा पडत नाही. चित्रपट कोणाच्या पैशाने आणि कोणाच्या श्रमाने उभा राहिला, यावर त्याचे युरोपीयत्व तोलले जाते.

एका देशाचे बळ अपुरे पडते तेव्हा अनेक देशांच्या निधीतून चित्रपट उभारणे, ही युरोपातील रूढ रीत आहे. २०२१ चा विजेता 'क्वो वादिस, आयदा?' हे तिचे ठळक उदाहरण. जुलै १९९५ मध्ये बोस्नियातील स्रेब्रेनित्सा येथे आठ हजारांहून अधिक बोस्नियाक पुरुष व मुलांची हत्या झाली. संयुक्त राष्ट्रांच्या डच तुकडीच्या डोळ्यांदेखत माणसे वेगळी काढून नेण्यात आली. दिग्दर्शिका यास्मिला ज्बानिच यांनी ही कथा संयुक्त राष्ट्रांसाठी दुभाषी म्हणून काम करणाऱ्या एका आईच्या नजरेतून सांगितली. नऊ देशांच्या सहनिर्मितीतून हा चित्रपट झाला आणि त्या देशांत नेदरलँड्सही होता. आयदाची भूमिका करणाऱ्या यास्ना ज्युरिचिच सर्बियाच्या. चित्रपट, दिग्दर्शन आणि अभिनेत्री असे तिन्ही प्रमुख पुरस्कार या कलाकृतीने मिळविले. ज्या घटनेच्या सत्यावरून अजूनही त्या प्रदेशात वाद घातला जातो, तिला युरोपच्या चित्रकर्मींनी एकमुखाने नसले तरी बहुमताने आपल्या स्मृतीत जागा दिली.

मुंबईचा धागा

या सोहळ्याचा मुंबईशीही एक संबंध आहे. डॅनी बॉईल यांचा 'स्लमडॉग मिलेनियर' ब्रिटिश निर्मिती असल्याने २००९ मध्ये युरोपीय पुरस्कारांसाठी पात्र ठरला. त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे नामांकन होते. तो मान हानेके यांच्या 'द व्हाइट रिबन'ला मिळाला. पण प्रेक्षकांच्या पसंतीचा पुरस्कार 'स्लमडॉग'ने पटकावला. मुंबईच्या गल्लीबोळांतून कॅमेरा धावता ठेवणारे छायाचित्रकार अँथनी डॉड मँटल यांचाही, 'अँटीक्राइस्ट'मधील कामासह, गौरव झाला. आपल्या शहराचे चित्रण युरोपीय चित्रपट म्हणून गौरविले जावे, हा योग मुंबईकरांना काहीसा चमत्कारिक वाटला असल्यास नवल नाही.

पुरस्कार आणि भूमिका

अकादमीने केवळ बाहुल्या वाटल्या नाहीत. युक्रेनचे दिग्दर्शक ओलेग सेन्त्सोव्ह यांना २०१४ मध्ये क्रिमियात अटक झाली आणि पुढच्या वर्षी रशियन न्यायालयाने त्यांना २० वर्षांची शिक्षा ठोठावली. त्यांच्या सुटकेसाठी अकादमीने सातत्याने आवाज उठविला. सप्टेंबर २०१९ मध्ये कैद्यांच्या अदलाबदलीत त्यांची मुक्तता झाली. २०२० मध्ये अॅमस्टरडॅम आणि रॉटरडॅम येथील महोत्सवांसह अकादमीने संकटातील चित्रकर्मींसाठी एक आंतरराष्ट्रीय आघाडी स्थापन केली.

भूमिका घेणे मात्र दर वेळी सोपे नसते. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केले तेव्हा अकादमीचे पहिले निवेदन फारच गुळमुळीत आहे, अशी टीका करून युक्रेनचे दिग्दर्शक सर्गेई लोझ्नित्सा यांनी सदस्यत्व सोडले. लगोलग अकादमीने त्या वर्षीच्या पुरस्कारांतून रशियन चित्रपट वगळले. त्यावर याच लोझ्नित्सा यांनी, सरसकट बहिष्कार घालू नका, माणसांना त्यांच्या पारपत्रावरून नव्हे तर कृतीवरून जोखा, असा आग्रह धरला. परिणामी युक्रेनच्या चित्रपट अकादमीने त्यांनाच काढून टाकले. रशियाचे निकिता मिखाल्कोव्ह यांच्या 'उर्गा'ला १९९३ मध्ये याच व्यासपीठाने सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरविले होते, हे ध्यानात घेतले म्हणजे तीस वर्षांत युरोप कोठून कोठे आला याची कल्पना येते.

२०२४ मध्ये सर्वोत्कृष्ट माहितीपटाचा मान 'नो अदर लँड'ला मिळाला. व्याप्त पश्चिम किनाऱ्यावरील मसाफेर यत्ता येथे घरे पाडली जात असताना पॅलेस्टिनी आणि इस्रायली चित्रकर्मींनी मिळून तो चित्रित केला होता.

आक्षेप

पुरस्कारांवर टीकाही होते. पहिला आक्षेप पुनरावृत्तीचा. 'डान्सर इन द डार्क', '४ मन्थ्स, ३ वीक्स अँड २ डेज', 'द व्हाइट रिबन', 'अमूर', 'द स्क्वेअर', 'ट्रँगल ऑफ सॅडनेस' आणि 'अॅनॉटॉमी ऑफ अ फॉल' हे सात विजेते आधीच कान महोत्सवात 'सुवर्ण पाम' घेऊन आलेले होते. मेमध्ये फ्रान्सने दिलेला निकाल वर्षअखेरीस पुन्हा वाचून दाखविण्यात काय हशील, असे विचारले जाते. दुसरा आक्षेप त्याच त्या नावांचा. इटलीचे जियानी अमेलिओ, डेन्मार्कचे लार्स फॉन ट्रायर आणि ऑस्ट्रियाचे मिखाएल हानेके या तिघांच्या प्रत्येकी तीन चित्रपटांना सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान मिळाला आहे. तिसरा आक्षेप अधिक गंभीर. स्त्री दिग्दर्शकाच्या चित्रपटाला हा मान मिळण्यासाठी २०१६ उजाडावे लागले. त्या वर्षी जर्मनीच्या मारेन आडे यांच्या 'टोनी एर्डमान'ने चित्रपट, दिग्दर्शन, पटकथा, अभिनेता आणि अभिनेत्री असे पाचही प्रमुख पुरस्कार जिंकले. त्यानंतर ज्बानिच आणि २०२३ मध्ये ज्युस्तीन त्रिये यांनी ती वाट रुंद केली.

तरीही या पुरस्काराचे मोल वेगळे आहे. युरोपात एका देशाचा चित्रपट शेजारच्या देशात पोहोचणे हेच अवघड. भाषा बदलते, उपशीर्षके वाचण्याची सवय नसते आणि चित्रपटगृहांचे पडदे हॉलिवूडने अडविलेले असतात. हानेके किंवा अल्मोदोव्हार यांना प्रेक्षक मिळतीलच. परंतु लाटव्हियातील मांजर किंवा बोस्नियातील दुभाषी आई यांच्यासाठी हे व्यासपीठ शेजारघराचे दार उघडून देते. मराठी चित्रपटाला कर्नाटकात किंवा बंगालमध्ये प्रेक्षक मिळविताना जी दमछाक होते, ती ठाऊक असलेल्या आपल्या वाचकांना ही अडचण वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही.