उजवा हात गेल्यावर : जोतीराव, सावित्रीबाई आणि नकुलमातेचे आश्वासन

पुण्याच्या गंज पेठेतील, म्हणजे आजच्या महात्मा फुले पेठेतील, जोतीराव फुले यांचा वाडा आमच्या वाचकांना परिचित आहे. शाळा, हौद, सत्यशोधक समाज यांचा इतिहास आपण तेथे आठवतो. त्याच वास्तूत जोतीरावांनी आयुष्याची शेवटची सुमारे अडीच वर्षे पक्षाघाताने जखडलेल्या शरीरासह काढली, याचा उल्लेख मात्र चरित्रांत बहुधा एका परिच्छेदात उरकला जातो. ‘उजवा हात लुळा पडला, तरी डाव्या हाताने ग्रंथ लिहिला’ असे एक वाक्य येते, टाळ्या पडतात आणि वक्ता पुढच्या मुद्द्याकडे वळतो. आम्हांस त्या वाक्यापाशी थोडे थांबावेसे वाटते.

१८८८ हे वर्ष जोतीरावांच्या सार्वजनिक जीवनातील कळसाचे वर्ष होय. मार्च महिन्यात हरी रावजी चिपळूणकर यांनी ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या सन्मानार्थ दिलेल्या मेजवानीस ते शेतकऱ्याच्या वेषात गेले आणि रयतेची खरी स्थिती त्यांनी राजपुत्रासमोर मांडली. ११ मे रोजी मुंबईच्या मांडवी भागातील कोळीवाड्यात जनतेने त्यांना ‘महात्मा’ ही पदवी दिली. त्यानंतर दोन महिने उलटतात न उलटतात तोच, जुलैमध्ये अर्धांगवायूचा झटका आला व शरीराची उजवी बाजू निकामी झाली. वय एकसष्ट. ज्या हाताने ‘गुलामगिरी’ आणि ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिले, तो हात उचलेनासा झाला. औषधोपचार डॉ. विश्राम रामजी घोले यांनी केले. हे डॉक्टर स्वतः सत्यशोधक. दिवंगत कन्येच्या स्मरणार्थ त्यांनी उभारलेला बाहुलीचा हौद पुणेकरांना ठाऊक आहे. दुःखाला लोकोपयोगी रूप कसे द्यावे हे रुग्णाला आणि वैद्याला दोघांनाही कळलेले होते, असे म्हणता येईल.

घरची सांपत्तिक स्थितीही बेताची झाली होती. कंत्राटाच्या धंद्यात जे मिळाले ते बव्हंशी समाजकार्यात गेले होते. मामा परमानंद यांनी ३१ जुलै १८९० रोजी सयाजीराव गायकवाड यांना पत्र लिहून या कुटुंबास साहाय्य करण्याची विनंती केली, यावरून परिस्थितीची कल्पना येते. अशा स्थितीत, डाव्या हाताने अक्षरे गिरवीत, ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ १८८९ मध्ये लिहून पूर्ण झाले. ते छापून निघाले १८९१ मध्ये, लेखकाच्या मृत्यूनंतर.

आता त्या पुस्तकातील विषय पाहा. आरंभीच्याच प्रकरणाचे नाव ‘सुख’. अंथरुणाला खिळलेला मनुष्य लिहावयास बसतो आणि मनुष्यमात्र सुखी कसा होईल, या प्रश्नापासून प्रारंभ करतो! पुढे स्त्री आणि पुरुष, पाप, पुण्य, जातिभेद, नीती, तर्क यांची प्रश्नोत्तररूपाने चर्चा आहे. त्यांतच ‘दैव’ आणि ‘आकाशातील ग्रह’ हेही विषय आहेत. दैव ही कल्पना खोटी आहे आणि ग्रह माणसाला पीडा देत नाहीत, असे प्रतिपादन एरव्ही कोणीही सुधारक करील. परंतु ज्याचे अर्धे शरीर लुळे पडले आहे, ज्याला भेटावयास येणारा प्रत्येक दुसरा मनुष्य ‘ग्रहदशा’ किंवा ‘पूर्वजन्मीचे भोग’ असे शब्द ओठांवर घेऊन येत असणार, त्याने ते लिहिणे निराळे. येथे लेखक आपल्याच शरीरावरचा दावा लढवीत आहे.

या ठिकाणी संयुत्तनिकायातील मोळियसीवक परिव्राजकाचा प्रसंग आम्हांस आठवतो. मनुष्य जे जे सुख वा दुःख भोगतो ते सर्व पूर्वकर्मामुळेच होय, असे काही श्रमणब्राह्मण म्हणतात. यावर गौतमाचे मत काय, असा सीवकाचा प्रश्न होता. भगवंतांनी उत्तर दिले ते असे, की काही वेदना पित्तातून उत्पन्न होतात, काही कफातून, काही वातातून, काही तिहींच्या सन्निपातातून. काही ऋतुपालटामुळे, काही प्रतिकूल आचरणाने, काही आघातामुळे आणि काही कर्मविपाकाने. तेव्हा सर्व काही पूर्वकर्मामुळेच, असे म्हणणारे लोक स्वतःच्या अनुभवाचे आणि जगाला ज्ञात असलेल्या सत्याचे उल्लंघन करतात. हे उत्तर आमच्या वस्त्यांतून आजही मोठ्याने सांगण्याची आवश्यकता आहे. दीक्षा घेतलेल्या घरांतसुद्धा अपंग मुलाच्या आईला ‘गेल्या जन्मी काय केले होतेस’ असे विचारणारे लोक भेटतात. धम्माच्या नावाने हा प्रश्न विचारता येत नाही.

तथापि जोतीरावांना घाईने बौद्ध ठरविण्याचा मोह टाळला पाहिजे. त्यांच्या पुस्तकाच्या केंद्रस्थानी ‘निर्मीक’ आहे, सृष्टीचा निर्माता आहे. बौद्ध विचाराला असा कर्ता मान्य नाही. हा भेद लपवून ठेवण्यात काही हित नाही. बाबासाहेबांनी बुद्ध, कबीर आणि फुले या तिघांना गुरू मानले आणि १९४६ साली शूद्रांच्या उत्पत्तीवरील आपला ग्रंथ जोतीरावांच्या स्मृतीस अर्पण केला, तेव्हा हा भेद त्यांना दिसत नव्हता असे थोडेच आहे? पण याच पुस्तकात एक आदर्श कुटुंब रंगविलेले आहे. त्यातील स्त्रीने बौद्ध ग्रंथ वाचून, पटल्यास, तो धर्म घ्यावा. पतीने बायबल वाचून ख्रिस्ती व्हावे. कन्येने कुराण वाचून मुसलमान व्हावे. पुत्राने सत्यधर्म स्वीकारावा. आणि सर्वांनी एकमेकांचा द्वेष न करता एका घरात नांदावे. बौद्ध धर्माची निवड येथे घरातील स्त्री करते, तीही स्वतः वाचून. १८८९ च्या पुण्यात हे लिहिले गेले, ही गोष्ट अभ्यासकांनी अवश्य नोंदवावी.

त्या स्त्रीचे चित्र रेखाटताना लेखकासमोर सावित्रीबाई असतील काय, ते सांगता येत नाही. परंतु या अडीच वर्षांचा इतिहास त्यांच्यावाचून अपुरा आहे, आणि त्यासाठी नकुलपिता व नकुलमाता यांच्याकडे वळावे लागते. भग्ग देशातील हे वृद्ध दांपत्य. संयुत्तनिकायात जराजर्जर नकुलपित्याला तथागत सांगतात की, शरीर आतुर झाले तरी चित्त आतुर होऊ नये, असा अभ्यास कर. हा उपदेश सर्वज्ञात आहे. अंगुत्तरनिकायातील प्रसंग त्या मानाने कमी सांगितला जातो. नकुलपिता मरणोन्मुख असताना पत्नी त्याला म्हणते, चिंता मनात ठेवून मरू नकोस. तुझ्यामागे मुलांचे कसे होईल असे तुला वाटत असेल, तर मी कापूस कातण्यात निपुण आहे, घर चालवीन. मी शीलात उणी पडेन असे वाटत असेल, तर तसे होणार नाही. धम्मात माझे पाऊल स्थिर आहे. या आश्वासनांनी नकुलपित्याचे दुखणे हटले आणि काठी टेकीत तो भगवंतांच्या दर्शनास गेला. आपल्या परंपरेत रुग्णाला बळ देणारे वचन एका गृहिणीच्या तोंडी आहे, आणि त्याचा आरंभ सूतकताईच्या कौशल्यापासून होतो, याचे आम्हांस फार अप्रूप वाटते.

जोतीराव बरे झाले नाहीत. मधल्या काळात, ४ फेब्रुवारी १८८९ रोजी, दत्तक पुत्र यशवंत याचा विवाह ग्यानोबा ससाणे यांच्या कन्येशी सत्यशोधक पद्धतीने लावण्यात आला. २८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीरावांचे निधन झाले. अंत्ययात्रेच्या वेळी टिटवे कोणी धरावयाचे यावरून भाऊबंदांनी वाद उपस्थित केला. यशवंत एका ब्राह्मण विधवेचा पुत्र. त्याचा अधिकार त्यांना मान्य नव्हता. तेव्हा सावित्रीबाईंनी स्वतः टिटवे हाती घेतले, त्या पुढे चालल्या आणि पतीला अग्नीही त्यांनीच दिला. ज्या शहरात विधवेने त्या दिवशी अंधाऱ्या खोलीत बसावयाचे, त्या शहराच्या रस्त्यावरून ही विधवा प्रेतयात्रेच्या अग्रभागी चालत गेली. वैधव्याने स्त्रीचा अधिकार संपतो हा नियम तेथे भर रस्त्यात मोडला गेला, आणि तो मोडण्यासाठी सभा किंवा ठराव लागला नाही.

पुढे १८९३ मध्ये सासवड येथील सत्यशोधक परिषदेचे अध्यक्षस्थान त्यांनी भूषविले. नकुलमातेने दिलेली आश्वासने पती जगल्यामुळे कसोटीला लागलीच नाहीत, सावित्रीबाईंची लागली.

१८९७ मध्ये पुण्यात प्लेगने थैमान घातले. डॉक्टर झालेल्या यशवंताने शहराबाहेर ससाणे यांच्या माळावर रुग्णांसाठी दवाखाना उघडला होता. मुंढव्याच्या महारवाड्यात गायकवाडांचा पांडुरंग हा मुलगा आजारी असल्याचे कळताच सहासष्ट वर्षांच्या सावित्रीबाईंनी त्याला पाठीवर घेऊन दवाखान्यात आणले. मुलगा वाचला. सावित्रीबाईंना त्या रोगाची लागण झाली, आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचा अंत झाला.