मुखप्रक्षालके आणि त्यांचे घटक

मुखप्रक्षालके : चेहऱ्यावर लावलेली प्रसाधने, रंग, धूळ, घाम आणि त्वचेतून स्रवणारे तेल काढून टाकण्यासाठी वापरावयाच्या द्रव्यांना मुखप्रक्षालके असे म्हणतात. ती घन, पूड, मलम, दुधासारखी पातळ पायसे किंवा स्वच्छ पाण्यासारखे द्रव अशा विविध रूपांत मिळतात. रूपे अनेक असली, तरी त्यांचे कार्य तीन तत्त्वांवर चालते : तेलाने तेल विरघळविणे, पुडीने ते शोषून घेणे आणि फेसकारक द्रव्याने ते पाण्यात मिसळविणे. ही तिन्ही तत्त्वे पारंपरिक महाराष्ट्रीय प्रसाधनात फार पूर्वीपासून वापरात होती. त्यांना लागणारा कच्चा माल सह्याद्रीच्या पायथ्याच्या वनप्रदेशात उपलब्ध होता. ठाणे जिल्ह्यातील शहापूर व मुरबाड हे तालुके या दृष्टीने अभ्यासण्याजोगे आहेत.

चेहऱ्यावरील रंग उतरविण्याची गरज : प्रसाधनातील रंगद्रव्ये बहुधा पाण्यात न विरघळणारी असतात. ती तेलात, मेणात किंवा चरबीत कालवून लावली जात असल्याने नुसत्या पाण्याने निघत नाहीत. ती रात्रभर तशीच राहिल्यास त्वचेची रंध्रे बुजतात व दाह होतो. पूर्वीच्या काळी धोका याहून मोठा होता. प्राचीन ग्रीस व रोमपासून यूरोपात शिशाचा सफेदा चेहऱ्याला लावीत. भारतात हिंगूळ हे पाऱ्याचे, तर हरताळ व मनशीळ ही आर्सेनिकाची संयुगे रंगासाठी वापरली जात. केरळच्या कथकलीमध्ये हिंगूळ व हरताळ यांचा वापर सुप्रसिद्ध आहे. अशा रंगांच्या बाबतीत ते उतरविणे हा केवळ स्वच्छतेचा नव्हे, तर आरोग्याचा प्रश्न असे.

शहापूर–मुरबाड भागात चेहरा रंगविण्याचे प्रसंग लग्नकार्ये, सण व जत्रा यांच्याशी निगडित आहेत. मुरबाड तालुक्यातील म्हसा येथे पौष पौर्णिमेस भरणारी म्हसोबाची जत्रा गुरांच्या बाजारासाठी प्रसिद्ध असून तेथे तमाशाचे फडही लागत आले आहेत. याउलट ठाणे–पालघर भागातील आदिवासींच्या बोहाड्यात देवदेवतांची व राक्षसांची सोंगे मुखवटे लावून नाचविली जातात. मुखवटा लावला की चेहरा रंगविण्याची गरज उरत नाही आणि रंग उतरविण्याचीही. तमाशातील कलावंताला मात्र रोज रंग चढवावा व उतरवावा लागतो. त्यामुळे तेल लावून मऊ फडक्याने रंग पुसणे आणि नंतर चेहरा धुणे ही द्विपदी रीत रंगभूमीच्या परिसरात स्वाभाविकपणेच रुळली.

प्राचीन व मध्ययुगीन उल्लेख : आयुर्वेदीय ग्रंथांत अभ्यंग व उद्वर्तन यांचा दिनचर्येत समावेश केलेला आहे. तेल चोळल्यानंतर पुडीने अंग घासणे म्हणजे उद्वर्तन. उटणे हे त्याचेच लोकरूप होय. वराहमिहिर (सहावे शतक) याच्या बृहत्संहितेत सुगंधी द्रव्यांवर स्वतंत्र अध्याय आहे. पुणे येथील भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे अभिरक्षक परशुराम कृष्ण गोडे (१८९१–१९६१) यांनी गंधवाद या ग्रंथाचा व त्यावरील जुन्या मराठी टीकेचा परिचय अभ्यासकांना करून दिला. या टीकेचा काळ त्यांनी सुमारे १३५० ते १५५० च्या दरम्यान मानला आहे. सौंदर्यप्रसाधनासारखा विषय मराठीत लिहिण्याची परंपरा किती जुनी आहे, हे यावरून दिसते. गोडे यांनी रिठा, साबण व परीट यांच्या इतिहासावरही स्वतंत्र लेखन केले आहे.

या प्रदेशातून जाणारे मार्गही जुने आहेत. कल्याण बंदरातून मुरबाडमार्गे जुन्नरकडे चढणारा नाणेघाट सातवाहन काळापासून वाहता होता. इ. स. पहिल्या शतकातील पेरिप्लस या ग्रीक प्रवासवर्णनात कल्याणचा उल्लेख असून भरुकच्छ (भडोच) बंदरात येणाऱ्या मालात मनशीळ व सुरमा यांची नोंद आहे. रंगद्रव्ये सागरी व्यापारातून येत. ती धुऊन काढणारी द्रव्ये मात्र रानात मिळत.

रानातील द्रव्ये : या भागातील मुखप्रक्षालनाशी व केशप्रक्षालनाशी संबंधित वनोपजांत मोह, रिठा व शिकेकाई ही प्रमुख होत.

मोहाच्या बियांच्या मगजात सु. ५० टक्के तेल असते. त्यात ओलेइक, पामिटिक व स्टिअरिक ही वसाम्ले मुख्यत्वे आढळतात. ते थंडीत थिजते. आदिवासी कुटुंबांत ते खाण्यासाठी, दिव्यासाठी व अंगाला लावण्यासाठी वापरीत आले आहेत. तेल काढल्यावर उरणाऱ्या पेंडीत सॅपोनिने असतात. त्यामुळे ती केस धुण्यास उपयोगी पडते. तीच पेंड पाण्यात टाकली असता मासे गुंगतात. एकाच द्रव्याचा हा दुहेरी गुण लक्षात ठेवण्याजोगा आहे.

रिठ्याच्या फळाच्या सालीत सु. १० टक्के सॅपोनिने असतात. सॅपोनिनाच्या रेणूचा एक भाग तेलाकडे व दुसरा पाण्याकडे ओढला जातो. यामुळे तेलाचे सूक्ष्म थेंब पाण्यात तरंगत राहतात आणि फेस येतो. शिकेकाईच्या शेंगांतही सॅपोनिने असून तिचा काढा किंचित आम्लधर्मी असतो. रिठ्याचे पाणी डोळ्यांत गेल्यास तीव्र आग होते. म्हणूनच घरोघरी रिठा केसांसाठी व कपड्यांसाठी, तर चेहऱ्यासाठी डाळीचे पीठ, हळद, चंदन व दुधाची साय असा भेद पाळला गेला. नरक चतुर्दशीच्या अभ्यंगस्नानात आधी तेल व मग उटणे लावतात. तेलाने मळ सुटतो, पीठ तो तेलासह शोषून घेते आणि कोमट पाण्याने दोन्ही निघून जातात. अलीकडे दोनदा चेहरा धुण्याची जी पद्धत नवीन म्हणून सांगितली जाते, तिचे तत्त्व हेच आहे.

हा माल गोळा करणाऱ्यांचा इतिहास वेगळा सांगावा लागतो. शहापूर व मुरबाड येथील कातकरी, ठाकूर, महादेव कोळी, वारली इ. जमातींच्या उपजीविकेत वनोपजांना मोठे स्थान आहे. १८९२ च्या मुंबई मोहडा अधिनियमाने ठाणे व कुलाबा या जिल्ह्यांत मोहाची फुले बाळगण्यावर व नेण्या-आणण्यावर निर्बंध घातले. अबकारी उत्पन्न राखणे हा त्यामागील हेतू होता. पण त्यामुळे अन्न व तेल देणारे झाड आदिवासींच्या दृष्टीने संशयाचा विषय बनले. शहापूर हा संपूर्ण तालुका व मुरबाडमधील काही गावे अनुसूचित क्षेत्रात मोडतात. १९९६ च्या पंचायत विस्तार अधिनियमाने अशा क्षेत्रांतील ग्रामसभांना आणि २००६ च्या वनहक्क अधिनियमाने वननिवासींना गौण वनोपजांवर हक्क दिले. मोहाची बी, हिरडा, शिकेकाई, रिठा यांना किमान आधारभूत किंमत ठरविण्याची केंद्र शासनाची योजनाही आहे. तथापि माल वाळविणे, साठविणे व त्यावर प्रक्रिया करणे या सोयी गावात नसतील, तर किमतीतील मोठा वाटा व्यापारी व कारखानदार यांच्याकडेच जातो. बाटलीवर ‘वनौषधियुक्त’ असे शब्द छापले, म्हणून तो गोळा करणाऱ्याचा मोबदला वाढत नाही.

साबण व शीत मलम : ‘साबण’ हा शब्द अरबी ‘साबून’वरून आला. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात अर्देशिर गोदरेज यांनी मुंबईत प्राण्यांच्या चरबीऐवजी वनस्पती तेलांपासून साबण बनविला. धार्मिक कारणांनी चरबी वर्ज्य मानणाऱ्यांची अडचण त्यामुळे दूर झाली. १९१९ मध्ये ई. एस. पाटणवाला यांचे ‘अफगाण स्नो’ हे देशी मुखमलम बाजारात आले. साबण स्वस्त व प्रभावी असला, तरी त्याचे पीएच मूल्य सु. ९ ते १० असते. त्वचेचा पृष्ठभाग मात्र सौम्य आम्लधर्मी (पीएच सु. ५) असतो. यामुळे साबणाने चेहरा ताणल्यासारखा व कोरडा होतो.

शीत मलमाचा मूळ पाठ रोमन साम्राज्यातील वैद्य गेलेन (दुसरे शतक) याचा समजला जातो. त्यात मेण, ऑलिव्ह तेल व गुलाबपाणी एकत्र घोटीत. त्वचेवर लावताच त्यातील पाण्याची वाफ होऊन थंडावा वाटे, म्हणून हे नाव पडले. पुढे त्यात टाकणखार घालू लागले. मेणातील अम्लांशी त्याचा संयोग होऊन अल्प साबण तयार होतो व पायस टिकून राहते. वनस्पती तेल खवट होत असल्याने त्याच्या जागी खनिज तेल आले. नाटक व चित्रपट व्यवसायात रंग उतरविण्यासाठी हे मलम जगभर रूढ झाले.

आधुनिक घटक : आजच्या मुखप्रक्षालकाच्या वेष्टनावरील लांबलचक नावे पाच-सहा गटांत विभागता येतात. (१) विद्रावक तेले : खनिज तेल, आयसोप्रोपिल मिरिस्टेट, वनस्पती तेले व सिलिकोने. न धुपणारे काजळ व ओठांचा रंग ही सोडवितात. (२) पृष्ठक्रियाकारक : यांत सोडियम लॉरिल सल्फेट हे प्रभावी पण क्षोभकारक असते, कोकॅमिडोप्रोपिल बीटेन व पॉलिसॉर्बेट ही त्यामानाने सौम्य असतात. (३) पायसीकारक व घट्टपणा देणारी द्रव्ये : सीटिल व स्टिअरिल अल्कोहॉले. ही मेणासारखी घन असून मद्यार्काप्रमाणे त्वचा कोरडी करीत नाहीत. (४) आर्द्रताधारक : ग्लिसरीन. (५) परिरक्षके : फिनॉक्सिएथॅनॉल, पॅराबेने इत्यादी. पाणी असलेल्या द्रव्यात जंतू वाढतात, म्हणून ती अल्प प्रमाणात आवश्यक असतात. (६) सुगंध व रंग : यांचा प्रक्षालनाशी संबंध नसून संवेदनशील त्वचेला बहुधा यांचाच त्रास होतो.

फ्रान्समध्ये १९९०–९९ या दशकात प्रचारात आलेल्या ‘मायसेल जला’त सौम्य पृष्ठक्रियाकारकाचे रेणू गोलाकार समूह करून राहतात. समूहाच्या आतील तेलप्रेमी भागात रंग व तेल ओढून घेतले जातात. रिठ्याच्या पाण्यातील सॅपोनिनेही असेच समूह बनवितात. फरक आहे तो सौम्यतेचा व प्रमाणाच्या नियंत्रणाचा. ‘नैसर्गिक’ म्हणजे निरुपद्रवी व ‘रासायनिक’ म्हणजे घातक ही समजूत म्हणूनच टिकत नाही. हिंगूळ, हरताळ व रिठ्याचा फेस ही सर्व नैसर्गिकच आहेत.

नियमन : भारतात सौंदर्यप्रसाधनांवर १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियमान्वये नियंत्रण असून २०२० पासून स्वतंत्र सौंदर्यप्रसाधन नियम लागू आहेत. रंगासाठी शिसे व आर्सेनिक यांच्या संयुगांचा वापर करण्यास बंदी आहे. अभावितपणे आलेल्या पाऱ्याचे प्रमाण डोळ्यांभोवतीच्या प्रसाधनांत दशलक्ष भागांत ७० भागांहून व इतरांत १ भागाहून अधिक असता कामा नये. एक टक्क्याहून अधिक असलेले घटक वेष्टनावर उतरत्या क्रमाने छापणे आवश्यक असते. यावरून वाचकास बरेच समजू शकते : पहिले नाव पाण्याचे व दुसरे तेलाचे असेल, तर ते बहुधा पायस असते, जाहिरातीत मिरविलेली वनस्पती यादीच्या शेवटी असेल, तर तिचे प्रमाण नाममात्र समजावे. यादी इंग्रजीत व बारीक टाइपात असल्याने ग्रामीण ग्राहकास मात्र तिचा लाभ क्वचितच होतो. जत्रेत व आठवडे बाजारात सुटी विकली जाणारी, कोणतीही नोंद नसलेली प्रसाधने टाळावीत. ती लावली गेलीच, तर झोपण्यापूर्वी खोबरेल तेलाने पुसून सौम्य प्रक्षालकाने व भरपूर पाण्याने चेहरा धुणे, हाच सुरक्षित उपाय होय.