चक्रीवादळ पूर्वतयारी स्वयंसेवक, बांगलादेश

बांगलादेशाच्या किनारपट्टीवर वादळाचा इशारा घरोघरी पोहोचवणारे, लोकांना निवाऱ्यात नेणारे आणि बचाव व प्रथमोपचार करणारे बिनपगारी ग्रामस्थ. 12 नोव्हेंबर 1970 च्या भोला चक्रीवादळात किमान तीन लाख माणसे मृत्युमुखी पडली. वादळ येत असल्याची वार्ता होती, पण नदीमुखावरील चरांवर (गाळाच्या बेटांवर) राहणाऱ्या अनेकांपर्यंत ती वेळेत पोहोचली नाही. त्यातून 1972 मध्ये रेडक्रॉसच्या पुढाकाराने चक्रीवादळ पूर्वतयारी कार्यक्रम सुरू झाला. 1973 पासून सरकार व रेड क्रेसेंट तो मिळून चालवतात. आज स्वयंसेवकांची संख्या सुमारे 76,000 असून त्यांत जवळपास निम्म्या स्त्रिया आहेत.

कार्यपद्धती : स्वयंसेवक त्याच गावचे असतात आणि तुकडीने काम करतात. धोका वाढेल तसे एक, दोन, तीन झेंडे चढवले जातात. मेगाफोन व हातसायरनने गाव जागे केले जाते.

प्रेरणा : पहिली प्रेरणा अनुभवाची. ज्यांनी घरचे माणूस पुरात गमावले, त्यांना इशाऱ्याचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. संकटातल्या माणसाला वाचवणे हे पुण्यकर्म, ही धर्मश्रद्धा या प्रेरणेला बळ देते. गावात मिळणारा मान, प्रशिक्षणातून येणारे कौशल्य आणि तुकडीतील सोबत यांमुळे माणसे वर्षानुवर्षे टिकून राहतात. स्त्री स्वयंसेवकांच्या प्रेरणेला आणखी एक बाजू आहे. 1991 च्या चक्रीवादळात पुरुषांपेक्षा स्त्रिया अधिक दगावल्या; पडदा आणि पुरुषांच्या परवानगीची वाट पाहणे ही त्याची काही कारणे होती. स्त्री स्वयंसेवक थेट घरात जाऊन स्त्रियांशी बोलू शकतात. स्वतःच्या शब्दाला घराबाहेर वजन येणे, ही त्यांच्यासाठी मोठी प्रेरणा ठरते.

अडचणी : बुडणारी रोजंदारी, अपुरी साधने आणि तरुणांचे शहरांकडे स्थलांतर यांमुळे उमेद खचते.

मूल्यमापन : 1991 मध्ये सुमारे 1,38,000, तर 2007 च्या सिद्र वादळात सुमारे 3,400 बळी गेले; 2020 च्या अम्फान वादळात बांगलादेशातील बळींची संख्या सुमारे दोन डझनांवर आली. या घटीत पक्के निवारे, बंधारे व सुधारलेले अंदाज यांचाही वाटा आहे. मात्र ओळखीच्या माणसाने दारात येऊन सांगितल्याशिवाय अनेक कुटुंबे घर सोडत नाहीत. म्हणून स्वयंसेवकांना साधने, प्रशिक्षण आणि सन्मान सातत्याने पुरवणे हे शासनाचे कर्तव्यच आहे.